‘आहे’ म्हणजे काय?

जामसांवलीच्या पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतिरायाच्या नाभीतून पाझरणारे तीर्थ दुखणाईताच्या ओठी लावण्याची रीत आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. सौंसर-पांढुर्ण्याकडील मराठी घरांपैकी कोणा आजाऱ्याला घेऊन तेथे न गेलेले घर विरळाच. त्या श्रद्धेशी आमचा वाद नाही. आमचा वाद दुसऱ्या पाण्याविषयी आहे. तोच रोगी पुढे ज्या सरकारी दवाखान्यात दाखल होतो, तेथील नळाच्या पाण्याविषयी.

शासनाच्या सेवेत असताना तपासणीचे तक्ते आम्ही स्वतः भरले आहेत. टाकी : आहे. नळ : आहे. शौचालय : आहे. साबण : आहे. खाली सही, शिक्का आणि चहा. निवृत्तीनंतर एका वैशाखात नात्यातील बाळंतिणीसोबत अशाच एका दवाखान्यात (नाव घेत नाही) रात्र काढण्याची वेळ आली. टाकी होती, पण कोरडी. नळाची तोटी फिरवली तर नुसती हवा. शौचालयाला कुलूप. साबण कपाटात, पुढच्या तपासणीची वाट पाहत. परिचारिकेच्या हातांवर आम्ही घरून आणलेल्या बाटलीतले पाणी ओतले, तेव्हा कुठे तिला हात धुता आले. चारही ‘आहे’ कागदावर खरे होते आणि त्या रात्री चारही खोटे ठरले. या खोटेपणात आमच्या सहीचा वाटा आहे, हे कबूल केल्यावाचून पुढे लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाही.

प्रसूतिगृहात न धुतलेले हात काय करतात, हे सेमेलवाइस या डॉक्टराने व्हिएन्नात 1847 साली दाखवून दिले. क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याचा नियम त्याने केला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही जगातील सुमारे निम्म्या आरोग्यकेंद्रांत उपचाराच्या जागी आणि शौचालयापाशी हात धुण्याची मूलभूत सोय नाही, असे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या 2022 च्या अहवालात नमूद आहे. त्यांच्या मोजमापात ‘आहे’ एवढ्यावर भागत नाही. पाहणीच्या वेळी पाणी येते काय, शौचालय उघडे व वापरण्याजोगे आहे काय, त्याच्यापासून पाच मीटरच्या आत पाणी व साबण आहे काय, असे प्रश्न तेथे विचारले जातात.

‘साधने तुटपुंजी आहेत’ हे उत्तर आम्ही नोकरीत असंख्य वेळा ऐकले आणि दिलेही. ते अर्धेच खरे आहे. साबणाची वडी, ब्लीचिंग पावडर आणि तोटी लावलेली झाकणाची टाकी यांसाठी कोणत्या शासनाचे दिवाळे निघते? तुटपुंज्या साधनांच्या दवाखान्यांसाठीच 2017 साली ‘वॉश फिट’ नावाची पद्धत सिद्ध झाली. दवाखान्यातील माणसांनीच गट करावा, उणिवा पाहाव्यात, जिथे धोका अधिक ते काम आधी हाती घ्यावे आणि पुन्हा पाहावे. आपल्याकडे 2015 पासून ‘कायाकल्प’ योजनेत स्वच्छ रुग्णालयांना पुरस्कार मिळतात. ते स्तुत्यच, पण पाहुणे येणार म्हणून सारवलेले अंगण आणि रोजचे अंगण यांत फरक असतो.

‘लोकच घाण करतात’ हा दुसरा युक्तिवाद. कुलूपबंद शौचालयासमोर रोग्याने करावे तरी काय? शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी उपदेशाआधी खराटा हाती घेतला होता, हे आपण सोयीने विसरतो.

2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला. त्याच वर्षी जामसांवलीत ‘हनुमान लोक’चे भूमिपूजन झाले. दोहोंचा आम्हांस आनंद आहे. आमची मागणी एवढीच, की नव्या जिल्ह्यात दवाखान्यांची तपासणी न कळवता व्हावी, वैशाख-ज्येष्ठात व्हावी, रात्रीही व्हावी. तपासणाऱ्यांत सफाई कामगार आणि रोग्याचा एक नातलग असावा. निकाल फायलीत न जाता दवाखान्याच्या भिंतीवर, हिंदी-मराठीत लागावा. आणि उत्सवासाठी वर्गणी काढणाऱ्या आपल्या मराठी घरांनी तो निकाल उभे राहून वाचावा, नसेल तर विचारावा.

तीर्थासाठी ओंजळ पुढे करण्याआधी हात धुवावेत, असे आमच्या आज्यांनी शिकवले. नवजात बाळाला हात लावणाऱ्या परिचारिकेलाही ते धुता यावेत, याहून अधिक आम्ही काही मागत नाही.