विश्लेषण : पूर ओसरल्यानंतर नदीकाठच्या मातीत प्लास्टिक किती उरते?

पूर ओसरला की नदीकाठच्या झुडपांवर अडकलेल्या पिशव्या आणि चिंध्या दिसतात. त्या उचलल्या की काठ स्वच्छ झाला असे मानले जाते. गाळाबरोबर आलेले बारीक प्लास्टिक मात्र तिथेच राहते. भारतात मातीतील अशा कणांसाठी मर्यादाच ठरलेली नाही.

हे कण येतात कुठून?

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. रस्त्यावर झिजणारे टायर, कपडे धुताना सुटणारे पॉलिस्टरचे तंतू आणि उन्हाने ठिसूळ होऊन तुटलेल्या पिशव्या हे त्याचे शहरातील मुख्य स्रोत. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात बहुतेक कण गाळात अडकतात. पण प्रक्रियेविना सोडलेले सांडपाणी आणि पावसाळी नाले ते थेट नदीत आणतात.

पुरात त्यांचे काय होते?

मँचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी वायव्य इंग्लंडमधील दहा नद्यांच्या तळाचा गाळ २०१५-१६ च्या हिवाळ्यातील पुरांपूर्वी आणि नंतर तपासला. टेम (लंडनची थेम्स नव्हे) या नदीत एका ठिकाणी चौरस मीटरमागे पाच लाखांहून अधिक कण होते. पुरांनी तळातील सुमारे ७० टक्के साठा वाहून नेला. म्हणजे पूर नदी धुतो, हे खरे. धुतलेले सगळेच समुद्रात जात नाही, इतकेच. पात्राबाहेर पसरलेल्या पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळाला चिकटलेले कण काठावर बसतात.

बर्न विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याच काठांचा होता. स्वित्झर्लंडमधील २९ पूरमैदाने तपासली, तीही संरक्षित निसर्गक्षेत्रांतली. त्यांपैकी ९० टक्के ठिकाणच्या मातीत मायक्रोप्लास्टिक आढळले आणि वरच्या खोऱ्यात लोकवस्ती जितकी जास्त, तितके प्रमाण अधिक होते.

मातीचे बिघडते काय?

बर्लिनमधील प्रयोगांत पॉलिस्टर तंतूंमुळे मातीची घनता आणि पाणी धरून ठेवण्याची क्षमता बदलली. नेदरलँड्समधील प्रयोगात जास्त मात्रेला गांडुळांची वाढ खुंटली, मृत्यूही वाढले. शिवाय गांडुळेच हे कण बिळांतून खोल नेतात. प्रयोगातील मात्रा शेतातल्यापेक्षा बहुधा जास्त असते, त्यामुळे लगेच घबराटीचे कारण नाही. पण मातीतून हे कण वेचून काढण्याचा व्यवहार्य उपाय नाही आणि दर पुराबरोबर भर पडतच राहते.

पुण्याने याकडे का पाहावे?

मुळा-मुठेत शहराचे सांडपाणी येते आणि खडकवासल्याचा विसर्ग वाढला की पाणी काठावर चढते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी पाण्याखाली गेली होती. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषांच्या आतली जमीन म्हणजेच नदीचे पूरमैदान. नदीकाठ सुधार प्रकल्पात याच काठावर खोदाई आणि भराव होतो. दाबला गेलेला थर उकरला की त्यातले कण पुन्हा मोकळे होतात.

पुढे मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनीत साठते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे धरणातला गाळ शेतात पसरण्याची पद्धत रुजली आहे. आडगावच्या पाझर तलावातला गाळ आणि महानगराखालच्या नदीतला गाळ यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. दुसऱ्याची उचल करण्याआधी तपासणी झाली, तर किमान शेतकऱ्याला कळेल की ट्रॉलीतून काय येते आहे.

तपासणी कशी होते?

माती मिठाच्या दाट द्रावणात ढवळतात; खनिजे तळाशी बसतात, प्लास्टिक तरंगते. पालापाचोळा हायड्रोजन पेरॉक्साइडने नष्ट करून उरलेले कण अवरक्त किरणांनी ओळखतात. टायरचे काळे कण मात्र तुलनेने जड असतात आणि या किरणांनाही नीट सापडत नाहीत. त्यामुळे रहदारीच्या शहरातील नदीकाठाची मोजणी प्रत्यक्षापेक्षा कमीच भरते.