नभोवाणीचे आद्य उद्योजक

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईहून नभोवाणीचे नियमित कार्यक्रम सुरू झाले. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी त्या केंद्राचे उद्घाटन केले. त्यामुळे हे केंद्र सरकारनेच उभारले असावे, असे कोणालाही वाटेल. वस्तुतः ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खाजगी कंपनीचे होते. सर इब्राहिम रहिमतुल्ला हे तिचे अध्यक्ष, आणि तिच्यामागे उभ्या राहिलेल्या उद्योजकांत सुलतान चिनॉय हे प्रमुख होते.

मोटारींच्या व्यापारात नाव मिळवलेल्या चिनॉय यांना बिनतारी विद्येचे महत्त्व फार लवकर उमगले. त्यांच्या इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीने खडकी व दौंड येथे केंद्रे उभारली आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातून इंग्लंडला बिनतारी संदेश जाऊ लागले. संदेशाला समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेची गरज उरली नाही.

मुंबईच्या केंद्राची शक्ती मात्र बेताचीच, म्हणजे दीड किलोवॅट होती. त्याचा आवाज सुमारे ३० मैलांपर्यंत स्पष्ट पोहोचे. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली ही गावे या टापूत होती. महागडे यंत्र ज्याला परवडत नसे, त्याला स्फटिकाच्या साध्या संचावर भागवता येई. खनिजाच्या खड्यावर बारीक तार टेकवायची, घरावर लांब तार ताणायची आणि कर्णफूल कानाला लावायचे. या संचाला वीज लागत नसे. हवेतून येणाऱ्या लहरींवरच तो चाले. ऐकणारा मात्र एकच. बाकीच्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत बसावे!

रेडिओ ऐकण्यासाठी वर्षाला १० रुपयांचा परवाना घ्यावा लागे. त्यांतले ८ रुपये कंपनीला मिळत. १९२९ च्या अखेरीसही परवाने ८ हजारांच्या आतच होते. म्हणजे परवान्यांतून वर्षाला ६४ हजार रुपयेदेखील पुरते येत नव्हते. आणि काटकसर करूनही कंपनीचा महिन्याचा खर्च २४ हजारांच्या घरात होता. हा मेळ बसावा कसा?

चालकांचा अंदाज चुकला, हे मान्य केले पाहिजे. मुंबई आणि कलकत्ता या दोनच केंद्रांवर एवढ्या मोठ्या देशातून श्रोते मिळणार ते किती! पण सारा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परवाना न घेता ऐकणारेही पुष्कळ होते. गाणे कानावर पडले तर कोणाचे काय गेले, असे त्यांना वाटत असेल. गाणाऱ्याची बिदागी आणि यंत्रे चालवणाऱ्याचा पगार या फुकट ऐकण्यातूनच जात होता. चोरी काही भिंत फोडूनच होते असे नाही.

१ मार्च १९३० रोजी कंपनी मोडीत निघाली. १ एप्रिलपासून सरकारने तीच केंद्रे चालवण्यास घेतली आणि १९३६ साली त्या सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. कंपनीच्या वाट्याला मात्र बहुधा ती बुडाल्याचा एका ओळीचा उल्लेख येतो. हा न्याय नव्हे. सरकारच्या हाती रिकामी जागा आली नव्हती. चालते केंद्र आणि ऐकण्याची सवय लागलेले श्रोते आले होते.

खर्च भागवण्याचा दुसरा मार्ग पुढे सापडला. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती ऐकू येऊ लागल्या. कालांतराने विविध भारतीचे केंद्र बोरिवलीला आले. चिनॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ३० मैलांच्या टापूतलेच ते बोरिवली!