खुराडं कोण साफ करणार?



वस्तीच्या तरुण मंडळापुढं ठराव आलाय. १४ एप्रिलच्या आत वस्तीतल्या सगळ्या कोंबड्या काढून टाकायच्या. कारण? विहाराच्या वाटेवर शिट पडते, वास मारतो, बाहेरचे वक्ते येतात तेव्हा नाकाला रुमाल लावतात. आपली लाज जाते. ठराव मांडणारे सगळे शिकलेले, कुणी डी.एड., कुणी स्पर्धा परीक्षेला बसलेले. मीटिंगीत पोरं बावीस. बाई एकही नाही. ज्यांच्या कोंबड्या त्यांना निरोपसुद्धा नाही. तिथं बोललो ते अर्ध्यात तोडलं, म्हणून इथं पुरतं लिहितो.

कोंबड्या कुणाच्या, इथनं सुरुवात करा. मंडळाच्या नाहीत. घरच्या गड्याच्याही नाहीत. आपल्या बाईच्या नावावर काय असतं? जमीन बापजाद्यालाच नव्हती. घरकुल नवऱ्याच्या नावावर. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर तिला कुटुंबप्रमुख केलं, ते कागदावर. मजुरी हातात येते आणि रात्रीच्या आत जाते. कोंबडी तेवढी तिची. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, मधनं खुडूक बसते, पिल्लं काढते. त्या अंड्यातनं वह्या येतात, एस.टी.चं भाडं निघतं, आजारपणात एक कोंबडा विकला की डॉक्टरची फी. नवऱ्याला न विचारता खर्चायचा हा एकच पैसा. तो तुम्ही एका ठरावानं बंद करणार आणि त्याला स्वच्छता म्हणणार. आमच्या आळीतली एक म्हातारी ऐकून एवढंच म्हणाली, "कोंबडी माजी हाय. मंडळानं कवा दाणं टाकलं व्हतं?" याला उत्तर आहे का कुणाकडं?

आता वासाचं बोलू. वास कोंबडीचा नसतो. कोंबडी वेगळी मुतत नाही. शिटेवर जो पांढरा थर असतो तेच तिचं मूत. ते कोरडं राहिलं तर फारसं वास मारत नाही. ओलं झालं, साचलं, कुजलं की त्यातनं अमोनिया निघतो, तो नाकात घुसतो, डोळ्यांतनं पाणी काढतो. म्हणजे वास आहे साचलेल्या घाणीचा. घाण साचते कारण ती काढायचं काम एकाच माणसावर टाकलेलं आहे आणि त्या माणसाला दिवसाचे तास पुरत नाहीत. पहाटे चारला उठणारी, पाणी भरणारी, भाकरी थापणारी, रोजगाराला जाणारी बाई खुराडं रोज कसं काढेल? आणि ज्याला वासाची लाज वाटते तो अंथरुणातनं आठला उठतो. मग लाज कुणाची आणि शिक्षा कुणाला?

बाबासाहेबांच्या साक्षीनं २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जी पोथी जाळली गेली तिचं दहन आपण दरवर्षी साजरं करतो. तिच्यात कोंबडी कुठं आहे ते बघितलंय का कुणी? तिसऱ्या अध्यायात बघा. ब्राह्मण जेवत असताना त्यांच्यावर कुणाची नजर पडू नये याची यादी आहे. चांडाळ, डुक्कर, कोंबडा, कुत्रा, विटाळशी बाई, नपुंसक. सगळे एका ओळीत, एका दोरीत बांधलेले. पुढं सांगितलंय की कोंबड्याच्या पंखाच्या वाऱ्यानंसुद्धा ते अन्न वाया जातं. नुसत्या वाऱ्यानं! पाचव्या अध्यायात गावठी कोंबडा जाणूनबुजून खाणारा द्विज पतित ठरवलाय. कांदा-लसूण खाणाराही त्याच रांगेत. का, तर गावठी कोंबडी उकिरडा उकरते, माणसाच्या घाणीजवळ जगते, आपल्यासारखीच गावाच्या कडेला.

आणि शेण? शेण पवित्र. शेणानं चूल सारवायची, अंगणात सडा घालायचा, पंचगव्यात घालून प्यायचंसुद्धा. ज्या पवित्र शेणाचे गोळे पुण्यात सावित्रीबाईंच्या अंगावर मारले, तेच हे. शेतकीचं पुस्तक काढून बघा. शेणखतात नत्र शेकडा अर्ध्याच्या आसपास, कोंबडीखतात शेकडा तीनच्या आसपास. जमिनीला जात कळत नाही. बागायतदारालाही नफ्याच्या वेळी कळत नाही. तो कोंबडीखत ट्रकच्या ट्रक घेतो आणि उसाला घालतो. पण पोल्ट्रीच्या शेडमधलं ते खत खरवडायला, पोत्यात भरायला आणि मेलेल्या कोंबड्या उचलायला मुकादम कुठल्या वस्तीत येतो? सरळ आपल्या. "तुमच्या बायका या कामाला बऱ्या पडतात" हे वाक्य मी माझ्या कानानं ऐकलंय. हातमोजे नाहीत, तोंडाला फडकं स्वतःचं. २०१३ चा हातानं मैला उचलण्याविरुद्धचा कायदा माणसाच्या विष्ठेबद्दल बोलतो, कोंबडीच्या नाही. त्यामुळं तिथं कायद्याचीही अडचण नाही. यावर ठराव का येत नाही मंडळात? आपल्या बाईच्या आठ कोंबड्या दिसतात आणि पाटलाच्या आठ हजार दिसत नाहीत, ही कसली नजर?

खरा मुद्दा अजून पुढं आहे. मीटिंगीत एक दोस्त छाती काढून म्हणाला, "घाण उचलायचं काम बाबासाहेबांनी आपल्याला सोडायला लावलं. मी खराटा हातात धरणार नाही." टाळ्या पडल्या. मी विचारतो, कुठली घाण? गावाची. दुसऱ्याची. जन्मानं कपाळी मारलेली. मेलेलं ढोर ओढायचं, ते खायचं, वेसकरकी करायची आणि बदल्यात शिळा तुकडा मागायचा. त्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणलं. ते वतन कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. ते सोडणं हा विद्रोह होता. पण स्वतःच्या अंगणातली, स्वतःच्या ताटातल्या अंड्याची घाण आईच्या नाहीतर बायकोच्या हातात देऊन आपण तक्क्याला टेकून बसायचं, याला विद्रोह कुणी शिकवलं? गावानं आपल्याला महार केलं. आपण घरात तिला महारीण करून ठेवली. जातीची व्यवस्था म्हणजे कामाची वाटणी नव्हे, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये लिहून ठेवलं. जातपात तोडक मंडळाला ते भाषण पचलं नाही, त्यांनी परिषदच रद्द केली. आपल्याला तरी पचलंय का? खराटा कुणाच्या हातात, माईक कुणाच्या हातात, ही वाटणी कुणी केली आपल्या घरात?

२० जुलै १९४२ ला नागपूरला दलित महिलांची परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी सांगितलं की समाज किती पुढं गेला ते मी बाया किती पुढं गेल्या त्यावरनं मोजतो. आणि बायकोनं नवऱ्याची बरोबरीनं मैत्रीण व्हावं, गुलाम होऊ नये, असंही. हे सगळे भाषणात सांगतात. घरी सांगत नाहीत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' हे १९८९ सालचं पुस्तक मंडळाच्या कपाटात आहे. त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत.

काही जण म्हणतील, हा कामगार माणूस कोंबडीच्या गुवावर एवढा का पेटलाय, यापेक्षा मोठे प्रश्न आहेत. आहेत की. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर ठेकेदाराकडं काम करतो, मोठे प्रश्न मला पाळी सुरू होताच भेटतात. पण विटाळ नेहमी अशा बारक्या जागी लपतो. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात अस्पृश्याला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला दोरा तोंडानं ओढावा लागे, थुंकी लागायची. एका दोऱ्याच्या टोकाला लागलेली थुंकी! तेवढ्यावर हजारो माणसं जास्त पगाराच्या खात्याबाहेर राहिली. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला तेव्हा कामगारांच्या मोठमोठ्या पुढाऱ्यांना तोही बारकाच वाटला होता.

आता कामाचं. खुराडं साफ करायला पदवी लागत नाही, पण अक्कल लागते. आठ कोंबड्या रात्रभर एका जागी बसतात, सगळ्यात जास्त शिट तिथंच पडते. सगळी मिळून दिवसाला अर्धा किलोच्या पुढं, वर्षाला दीड-दोन क्विंटल. खाली भाताचं तूस नाहीतर लाकडाचा भुसा टाका, चारएक बोटं जाड. ओला झालेला भाग रोज खुरप्यानं उचला, वर राख मारा. पाण्याचं भांडं खुराड्याबाहेर ठेवा, सांडलेल्या पाण्यानं निम्मी घाण होते. ओल्या भुशात रक्ती हगवण पसरते, पिल्लं पटापट मरतात. महिन्याला सगळं काढून चुना मारायचा, एक दिवस ऊन द्यायचं, फटीतल्या पिसवा मरतात. वाळलेली शिट कोरडी झाडायची नाही. आधी पाण्याचा हबका मारायचा, तोंडाला फडकं बांधायचं. ती धूळ छातीत जाते. धुळीचं मला सांगू नका. रुईची धूळ खाऊन सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती कशी आवळते ते गिरणीतल्या माणसाला विचारा, बिसिनोसिस म्हणतात त्याला. हात साबणानं धुवायचे. मानमोडीची लस जनावरांच्या दवाखान्यात विचारा, अर्ज लिहिण्यात तर मंडळ तरबेज आहे. आणि एकदम भराभर कोंबड्या मरायला लागल्या तर हात न लावता दवाखान्याला कळवायचं. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा पोल्ट्रीबरोबर गरिबांच्या परड्यातल्या कोंबड्याही मारल्या गेल्या.

काढलेली घाण नाल्यात टाकायची नाही. ताजी झाडाच्या बुडाला घातली तर झाड जळतं. पालापाचोळ्याबरोबर खड्ड्यात दोन-तीन महिने कुजवायची, वर माती. मग ते खत होतं आणि विकलं जातं. त्याचा पैसा कोंबडीवालीच्या हातात. मंडळाच्या वर्गणीत नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण आपली सवय मला माहीत आहे.

झाडू हातात धरून फोटो काढायला मी सांगत नाही. २ ऑक्टोबर २०१४ पासनं तसले फोटो देशानं पोटभर बघितले, गटारात उतरणारा माणूस मात्र अजून त्याच जातीतला आहे. भंग्याच्या कामात पुण्य शोधणाऱ्यांची बाबासाहेबांनी कशी सालं काढली ते वाचा. खराट्यात पुण्य नाही. खराट्यात काम आहे, आणि ते वाटून घ्यायचं आहे.

तेव्हा माझी दुरुस्ती अशी. कोंबड्या काढायचा ठराव मागं घ्यावा. पुढची मीटिंग कोंबडीवाल्या बायांना बोलावून, त्यांच्या सवडीच्या वेळी घ्यावी. प्रत्येक घरातल्या पंधरा वर्षांवरच्या गड्यानं आठवड्यातले चार दिवस खुराडं काढायचं, पाळी लावून, आणि पाळी विहाराच्या फळ्यावर लिहायची. गिरणीत हजेरी लागते तशी हजेरी. येत्या रविवारी सकाळी सातला सुरुवात. पहिलं खुराडं ठराव मांडणाऱ्या दोस्ताच्याच घरचं घेऊ, त्याच्या आईच्या अकरा कोंबड्या आहेत. खुरपं आणि घमेलं मी घेऊन येतो. चुना मंडळाच्या खर्चातनं आणा, पावती ठेवा.