‘नुसता रंगच तर बदलला आहे!’

१/ ट्रेन सिम्युलेटरमधील डब्यांवर नवे रंग चढवणाऱ्या हौशी मंडळींचे हे आवडते वाक्य. या एका वाक्याने डेक्कन क्वीनचे जेवढे विद्रूपीकरण केले, तेवढे बोरघाटातल्या पावसानेही केले नसेल.

२/ आधी वस्तुस्थिती. १ जून १९३० रोजी जीआयपी रेल्वेने मुंबई-पुणे मार्गावर ही गाडी सुरू केली. सात-सात डब्यांचे दोन संच होते: एक चंदेरी, त्यावर लालभडक पट्ट्या, दुसरा निळा, त्यावर सोनेरी रेषा. खालचे सांगाडे इंग्लंडमध्ये घडले, वरचे डबे माटुंग्याच्या कारखान्यात.

३/ आता आभासी रुळांवर काय दिसते? तोच चंदेरी-लाल साज, पण पेरांबूरच्या पोलादी डब्यांवर! हे डबे या गाडीला १९६६ मध्ये लागले. मग तक्रार सुरू होते की पट्टी खिडकीवर चढते, रेषा दाराशी तुटते. टेक्श्चर कितीही ताणले तरी हा दोष जाणार नाही, कारण तो टेक्श्चरचा नाहीच. अंगच दुसऱ्याचे असेल तर शिंप्याने काय करावे?

४/ काही दोष मात्र खरोखर तांत्रिक असतात. एका बाजूचे नाव उलटे उमटते, कारण मॉडेलकाराने दोन्ही बाजूंना चित्राचा एकच तुकडा जोडलेला असतो. अक्षरे फिरवली की दुसरी बाजू उलटते. दुसऱ्या बाजूला स्वतंत्र जागा देणे हाच उपाय. खिडक्यांच्या काचा भिंतीसारख्या झाल्या, तर रूपांतर करताना अल्फा चॅनल गळाला आहे का, ते प्रथम पाहावे. आणि चंदेरी रंगाची चमक! ती पांढरे फराटे ओढून येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या २००१ च्या सिम्युलेटरमध्ये चकाकी आकृतीच्या फाइलीत ठरते. रंगवलेली चकाकी सूर्य मावळला तरी जागची हलत नाही.

५/ सोनेरी रेषेची गोष्ट अधिक बोधक आहे. सुमारे २० मीटरचा डबा १,०२४ पिक्सेलांत बसवला की एक पिक्सेल जवळपास २ सेंटिमीटरचा होतो. त्याहून बारीक रेषा दुरून विरते किंवा लुकलुकते. रंगवणारा ती जाड करतो. पुढचा त्याचीच नक्कल करतो. अशा रीतीने एका नाजूक रेषेचा पट्टा होतो आणि त्याला ‘मूळ रंगसंगती’ म्हटले जाते! ओपन रेल्समध्ये मोठे चित्र चालते. तिथे तरी या जाडीला सबब उरत नाही.

६/ ‘आम्ही जुन्या छायाचित्रावरूनच रंग घेतला’ हा बचाव तर सर्वांत दुबळा. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मही वापरात होती. तिला लाल प्रकाश जवळजवळ दिसत नाही. म्हणून लाल काळपट येतो आणि निळा फिका. म्हणजे निळा संच उजळ दिसू शकतो आणि चंदेरी डब्यावरची लाल पट्टी काळी. फिल्म कोणती हे ठाऊक नसताना करड्या छटेवरून रंग ओळखणे म्हणजे केवळ अंदाज. संगणकाकडून आपोआप रंग भरून घेतला, तर तो अंदाजच अधिक आत्मविश्वासाने मांडला जातो, इतकेच.

७/ ‘अहो, हा खेळ आहे.’ मान्य. खेळात गुलाबी डेक्कन क्वीन धावली तरी कुणाचे बिघडत नाही, कारण ती कुणी खरी मानत नाही. घातक असते ती जवळजवळ खरी वाटणारी गाडी. तिचे पडद्यावरचे चित्र कापून, करडे करून ‘दुर्मीळ छायाचित्र’ म्हणून फिरवायला कितीसा वेळ लागतो?

८/ म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक मॉडेलच्या रीडमी फाइलीत चार गोष्टी असाव्यात: वर्ष कोणते, संच कोणता, रंगाचा आधार काय आणि अंदाज कुठून सुरू होतो. आज तिथे बहुधा आभारांची यादी असते.