पदपथावरील सायकल आणि पोलिसांची शिट्टी

पदपथावरून सायकल दामटणाऱ्यांस पोलिसांनी पकडावे की पकडू नये, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. चोऱ्या, फसवणूक, मद्यपी मोटारचालक असे मोठमोठे व्याप पोलिसांच्या मागे असता, नववीतल्या एखाद्या पोराची सायकल अडवण्यास त्यांस सवड कुठली, असे म्हणून पुष्कळजण तो हसण्यावारी नेतात. परंतु ज्या घरी सत्तरी उलटलेले आजोबा आहेत, त्या घरी कोणी हसत नाही. उतारवयातले एक पडणे, त्यातून मोडलेले मांडीचे हाड आणि त्यापुढील सहा महिने म्हणजे काय, हे त्या घरास ठाऊक असते. आमच्या तुकोगंजात नाथमंदिराच्या वाटेवर काठी टेकीत जाणारी वृद्ध मंडळी आणि पाठीवर दप्तर टाकून सायकलीवरून शाळा गाठणारी मुले एकाच रस्त्यावर दिसतात. या तंट्यातील वादी आणि प्रतिवादी पुष्कळदा एकाच घरचे, आजोबा आणि नातू, असतात. ज्या अंकाचे वाचक तेच आहेत, त्यात हा विषय मांडणे आम्हांस उचित वाटते.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. पदपथ पायी चालणाऱ्याचा आहे. त्यावर सायकल चालवणे गैर आहे. आणि पोलिसांनी ते थांबवावे. मात्र थांबवण्याचा आरंभ सायकलीपासून करू नये.

पायी जाणारा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. सायकल कितीही सावकाश म्हटली तरी बारा-पंधराच्या खाली सहसा येत नाही. वेग तिप्पट झाला की धडकेतील ऊर्जा नऊपट होते, हे विज्ञानाच्या तासाला शिकविलेले गणित येथे लागू पडते. पुन्हा सायकलीस आवाज नाही. मोटार येते ती सांगून येते. सायकल पाठीमागून येते आणि कोपराला घासून गेल्यावर कळते. काही सज्जन घंटी वाजवितात. पण पदपथावर घंटी वाजविणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून घरधन्यास 'बाजूला हो' म्हणण्यासारखेच नव्हे काय? इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ सालच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पदपथाची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर असावयास हवी. सायकलीच्या दांडीस अर्ध्या मीटरहून अधिक जागा लागते, शिवाय चालवणाऱ्याचे हेलकावे. उरलेल्या जागेत नातवाचे बोट धरलेल्या आजीबाई मावणार कशा? आणि ही हिशेबाची गोष्ट झाली ती मोकळ्या पदपथाची. विजेची पेटी, झाडाचा पार, दुकानाची पाटी आणि उभ्या केलेल्या स्कूटरी वजा जाता किती उरते, ते प्रत्येकाने आपापल्या घरासमोर पाहावे.

कायदा काय म्हणतो? सायकल ही १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील व्याख्येत बसत नाही. तिला नंबरपट्टी नाही, चालवणाऱ्यास परवाना लागत नाही. परंतु म्हणून ती कायद्याच्या बाहेर आहे असे समजू नये. सार्वजनिक वाटेवर बेदरकारपणे वाहन चालवून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमान्वये शिक्षा आहे. हेच पूर्वी दंड संहितेचे २७९ वे कलम होते. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तर असे सांगितले की, चालण्याजोगा पदपथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग होय. त्याच वर्षी ऑक्टोबरात पादचारी व बिनयांत्रिक वाहने यांच्यासाठी सहा महिन्यांत नियम करावेत, असे न्यायालयाने राज्यांस फर्मावले. तेव्हा 'आम्ही कोणते मोठे पाप केले?' असे सायकलवाल्यांनी विचारू नये. आजोबांचा हक्क घटनेतला आहे.

आता नातवाची बाजू. तो पदपथावर चढतो तो बहुधा मस्तीने नव्हे, भीतीने. महात्मा गांधी मार्गावर रीगल चौकाच्या आसपास संध्याकाळी जी वाहनांची झुंबड उडते, तीत बारा वर्षांच्या मुलाने डाव्या कडेने सायकल चालवावी असे सांगणाऱ्याने ती एकदा स्वतः चालवून पाहावी. २०२२ साली या देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत बत्तीस हजारांहून अधिक पायी चालणारे होते आणि चार हजारांहून अधिक सायकलस्वार. आजोबा आणि नातू दोघेही एकाच यादीत आहेत. त्यांस त्या यादीत घालणारे वाहन बहुतेक वेळा तिसरेच असते. सायकलवाल्यास पदपथावरून हुसकून लावणे सोपे आहे, पण तो जाणार कुठे? कोलकात्यात २०१३ साली दीडशेहून अधिक रस्त्यांवर सायकलींस मज्जाव झाला. दूधवाले, वृत्तपत्रे टाकणारे, मजुरीस जाणारे यांची केवढी कुचंबणा झाली! पुढे ती यादी आखडती घ्यावी लागली. आम्ही मूळचे गोव्याकडचे. तिकडे पहाटे भोंगा वाजवीत सायकलीवरून पाव घेऊन येणारा पोदेर गावाच्या जीवनाचा भागच असतो. सायकल हे गरिबाचे पोट आहे, हे आम्हांस पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पोलिसांनी सायकलवाल्यांस धाकात ठेवल्याची उदाहरणे मराठी मुलखात पुष्कळ आहेत. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून नावाजले होते. तेथे बिनदिव्याची सायकल आणि 'डबलसीट' या दोन गुन्ह्यांसाठी चौकाचौकांत शिपाई टपून असे. नगरपालिकेचा बिल्ला लावावा लागे. ज्यांची तरुणपणची वर्षे पुण्यात गेली, असे आजोबा आजही या दंडाच्या कथा रंगवून सांगतात. तो दंड लोकांनी फारसा मनास का लावून घेतला नाही? आमच्या मते कारण असे की, तेव्हा रस्ता सायकलवाल्याचाच होता आणि नियम त्यास त्याच्याच रस्त्यावर नीट चालावयास सांगत होता. आज त्याचा रस्ता गेला आहे. ज्याची जागा आधीच काढून घेतली, त्यास 'जागा सोडलीस' म्हणून दंड करणे न्यायाचे दिसत नाही.

आणि पदपथाचा खरा शत्रू कोण, हेही पाहावे. सिग्नल लाल झाला की मोटारसायकली पदपथावर चढतात, हे सर्वांनी पाहिलेले आहे. पदपथावर मोटारगाडी उभी करून तिचा धनी बाजारहाट करीत हिंडतो, हेही पाहिलेले आहे. पदपथावर मोटार-वाहन चालवणे वा उभे करणे २०१७ च्या वाहन चालविण्याच्या नियमांनी स्पष्टपणे निषिद्ध ठरविले आहे. या वाहनांस नंबरपट्टी असते. कॅमेऱ्यातून टिपून घरबसल्या चलान पाठविता येते. सायकलवाल्यास पकडावयाचे तर शिपायास पदपथावर उभे राहून हाताने अडवावे लागते. जे अधिक घातक आणि पकडण्यास अधिक सोपे, ते सोडून देऊन शाळकरी मुलाची सायकल धरणे यास मोहीम म्हणता येणार नाही. तो आकडा भरण्याचा खटाटोप होईल.

परदेशांत हा पेच जुना आहे. इंग्लंडात पदपथावर गाडी हाकण्यास १८३५ च्या कायद्यानेच बंदी आहे. पण १९९९ साली जागीच दंड आकारण्याची तरतूद झाली, तेव्हा तेथील मंत्र्यांनी कळविले की, हा दंड बेफिकिरांसाठी आहे. रहदारीच्या भीतीने पदपथावर येणाऱ्यांच्या, विशेषतः मुलांच्या, बाबतीत पोलिसांनी तारतम्य ठेवावे. जर्मनीत आठ वर्षांखालील मुलांनी सायकल पदपथावरूनच चालवावी असा नियम आहे. जपानात तेरा वर्षांखालील मुलांस आणि सत्तरी गाठलेल्यांस पदपथावर सायकलीची मुभा आहे, मात्र पादचाऱ्यास प्रथम मान. त्याच देशाने २०२४ साली कायदा बदलून सोळा वर्षे व त्यावरील सायकलस्वारांस दंडाची पावती देण्याचे ठरविले, त्यासाठी एप्रिल २०२६ चा मुहूर्त नेमला. वयाची ही रेघ आम्हांस पसंत आहे. आठवीचा विद्यार्थी आणि पाठीवर भलीमोठी पेटी बांधून घाईने माल पोहोचविणारा तरुण यांस एकच माप लावू नये.

इंदूरने हे आधी एकदा करून दाखविलेले आहे. २०१७ साली देशातील स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर पहिले आले आणि पुढे वर्षानुवर्षे त्याने तो मान राखला. त्याचे श्रेय दंडास देणारे पुष्कळ आहेत. दंड झाले खरे. पण कचरा नेणारी गाडी आधी दाराशी येऊ लागली, हे विसरता येत नाही. टाकावयास जागा दिली आणि मग रस्त्यावर टाकणाऱ्यास दंड केला, म्हणून तो लोकांस पटला. ए. बी. रोडवर २०१३ पासून बससाठी राखलेली मधली वाट काढून टाकण्यास उच्च न्यायालयाने २०२५ च्या फेब्रुवारीत मोकळीक दिली. अशा रीतीने मोकळी होणारी रुंदी कोणास मिळावी? सगळीच मोटारींस का? तीतील हातभर पट्टा सायकलीस मिळावा, ही मागणी अवास्तव नव्हे.

तोवर पोलिसांनी काय करावे? आमची सूचना साधी आहे. पहिले काही महिने पदपथावरील मोटारसायकली आणि उभ्या गाड्या यांवर चलान करावे. सोळा वर्षांवरील सायकलस्वार गर्दीत भरधाव जाताना आढळल्यास त्यास दंड करावा. लहान मुलास शिट्टी वाजवून थांबवावे, खाली उतरवावे आणि पुढल्या चौकापर्यंत सायकल हातात धरून चालत जावयास लावावे. सायकल हाती धरलेला मुलगा पादचारीच होय. त्यास कोणी हटकू शकत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, यासंबंधी वाहतूक शाखेकडे अर्ज पाठविण्याचे मनात आहे. परंतु नुसत्या तक्रारीचे वजन पडत नाही. पॅट्रिक गेडीस यांनी १९१८ साली होळकर दरबारास या शहराच्या रचनेविषयी दोन खंडांचा अहवाल दिला, तो गल्लीबोळ पायी हिंडून आणि डोळ्यांनी पाहून. आपणही तेच करू. दिवाळीच्या सुटीनंतर नववीच्या भूगोलाच्या वर्गाने शाळा सुटण्याच्या वेळी एक तास शाळेसमोरच्या पदपथावर उभे राहून मोजणी करावी: किती माणसे चालत गेली, किती सायकली चढल्या, किती मोटारसायकली चढल्या, किती गाड्या उभ्या होत्या. चार रकाने आखलेली वही वर्गशिक्षकांकडे मिळेल. स्वतः सायकलीवरून येणाऱ्यांनीही मोजणीस यावे, आणि त्या दिवशी सायकल फाटकाशी उतरून आत आणावी.