शाळा कुत्र्याची, अभ्यास मालकाचा

कुत्र्यांना आज्ञापालन शिकवणारे वर्ग असतात, हे तुम्ही ऐकले असेल. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत सकाळी मैदानावर पंधरा-वीस कुत्री आणि तितकेच मालक जमतात. 'बस', 'थांब', 'ये' असे शब्द कानांवर पडतात. पाहणाऱ्याला वाटते, हा पैसेवाल्यांचा शौक, आपल्या गावच्या कुत्र्याला असल्या शाळेची काय गरज? माझे मत नेमके उलटे आहे. अशी शाळा कुठे अगत्याने हवी असेल, तर ती जंगलाच्या कडेला वसलेल्या गावांत. गोंदिया जिल्ह्यातले नवेगाव बांध हे अशा गावांचे चांगले उदाहरण आहे.

नवेगाव बांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीस बांधला, असे परंपरेने सांगतात. सभोवतालच्या डोंगरांतील जंगल 1975 साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि 2013 साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आले. या जंगलात वाघ, बिबळ्या, अस्वल, चितळ आहेत आणि रानकुत्राही आहे. त्यालाच आपण कोळसून म्हणतो. रानकुत्रा हा आपल्या कुत्र्याचा पूर्वज नव्हे. आपला कुत्रा लांडग्यापासून झाला. रानकुत्रा निराळ्याच जातीचा, कळपाने शिकार करणारा आणि शीळ घालून सोबत्यांना साद देणारा प्राणी आहे. जगात तो आता थोडाच उरला आहे.

जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला कुत्रा लागतो, हे आधी मान्य करू. धानाच्या बांधीत रानडुक्कर शिरले, की पहिली वर्दी कुत्राच देतो. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहफुले वेचायला निघालेल्या बाईच्या पुढे कुत्रा चालत असतो. मोहाखाली अस्वलही आलेले असते आणि त्याचा सुगावा माणसाआधी कुत्र्याला लागतो. इथपर्यंत कुत्रा उपकारच करतो. पण समजा तो अस्वलावर धावून गेला आणि अस्वल उलटले. मग तो पळत कुठे येतो? मालकाकडेच! आपल्यामागे चिडलेले अस्वल घेऊन. 'ये' म्हणताच माघारी फिरणारा कुत्रा आणि न फिरणारा कुत्रा यांतला फरक इथे जिवावर बेतू शकतो.

आता थोडी गंमत पाहू. आपल्या भाषेत कुत्र्यासाठी म्हणून खास शब्द किती आहेत? 'यू यू' म्हणजे ये, 'हाड' म्हणजे चालता हो आणि 'छू' म्हणजे अंगावर जा. संपली यादी. हे तीन शब्द गावच्या कुत्र्याला उत्तम समजतात. म्हणजे त्याच्या बुद्धीत काही उणे नाही. 'यू यू' ऐकताच उरलेला भात मिळतो, म्हणून तो येतो. 'हाड'पाठोपाठ दगड येतो, म्हणून तो पळतो. आपण त्याला थांबायला कधी शिकवलेच नाही, मग त्याने थांबावे कसे?

कुत्रा शिकतो कसा, हे शास्त्रज्ञांनी पुष्कळ तपासले आहे. 1898 साली अमेरिकेत थॉर्नडाइक यांनी मांजरे आणि कुत्री पेटीत ठेवून पाहिले, की ज्या कृतीचा परिणाम सुखाचा होतो, ती कृती प्राणी पुन्हा पुन्हा करू लागतो. पुढे स्किनर यांनी या विषयाचा कसून अभ्यास केला. प्राण्यांना कसे शिकवावे यावर 1951 साली त्यांनी सामान्य वाचकांसाठी एक लेख लिहिला. त्यात टिकटिक वाजणाऱ्या साध्या खेळण्याचा उपयोग सुचवला होता. कुत्र्याने हवी ती हालचाल केली, की त्याच क्षणी टिक् करायचे आणि मग खाऊ द्यायचा. खरे महत्त्व त्या क्षणाला आहे. बक्षीस उशिरा दिले, तर दरम्यान कुत्र्याने मान खाजवली असेल आणि त्याला वाटेल, बक्षीस खाजवण्याचेच!

हाच नियम शिक्षेलाही लागू आहे. कुत्रा चितळामागे धावला. तुम्ही दहा हाका मारल्या. तो अर्ध्या तासाने आला आणि तुम्ही त्याला काठीने झोडपले. तुमच्या मते शिक्षा पळून जाण्याची झाली. कुत्र्याच्या हिशेबी ती परत येण्याची झाली, कारण मार बसला तो परत आल्यावर. शिवाय धावण्यात त्याला मौज वाटली, म्हणजे पाठलागाचे बक्षीस त्याने आधीच घेऊन टाकले होते. पुढच्या वेळी तो आणखी उशिरा येईल. यात चूक कुणाची, हे तुम्हीच ठरवा.

म्हणून मी म्हणतो, कुत्र्याच्या शाळेत खरा विद्यार्थी मालक असतो. अमेरिकेत हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी 1933 साली आज्ञापालनाची पहिली स्पर्धा भरवली, तेव्हा आठ कुत्री आली होती. तिथून या वर्गांची प्रथा पसरली. या वर्गांत कुत्र्याला सोडून मालक घरी जात नाही, दोघे बरोबर शिकतात. आपल्या वनविभागाची श्वानपथके पाहा. वाघाची हाडे, बिबळ्याची कातडी वासावरून शोधणारी कुत्री तयार करण्याचा कार्यक्रम ट्रॅफिक आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया या संस्थांनी 2008 साली सुरू केला. महाराष्ट्राच्या वनविभागालाही अशी कुत्री मिळाली. प्रशिक्षणाला कुत्रा एकटा जात नाही. त्याला हाताळणारे वनखात्याचे दोन कर्मचारी कित्येक महिने त्याच्याबरोबर शिकतात. सरकारी कुत्र्याच्या सोबत्यांना इतका अभ्यास लागतो, मग आपणच जन्मतः तज्ज्ञ आहोत असे का समजावे?

तुम्ही म्हणाल, ती कुत्री परदेशी जातीची, आमचे गावठी. ही समजूत सोडून द्या. सगळी कुत्री एकाच जीवजातीची आहेत आणि शिकण्याचे नियम सर्वांना सारखेच लागू पडतात.

या शिकवणीचा आणखी एक फायदा आहे, आणि मला तो सर्वांत मोठा वाटतो. ज्या कुत्र्याला अंगाला हात लावलेला आणि गळ्यात दोरी बांधलेली चालते, त्यालाच लस टोचता येते. एरवी जनावरांचे डॉक्टर गावात येतात आणि कुत्री शेतात पळतात! माणसाला रेबीज होतो तो बहुतेक नेहमी कुत्र्याच्या चाव्याने. एका वस्तीतील सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुसरा रोग म्हणजे डिस्टेंपर. माणसाला तो होत नाही, म्हणून आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही. पण आफ्रिकेतील सेरेंगेटीत 1994 साली या रोगाने सुमारे एक हजार सिंह दगावले. तो गावकुत्र्यांकडून पसरला असावा, असे संशोधकांचे मत होते. आपल्याकडे गीरमध्ये 2018 साली वीसहून अधिक सिंह मेले आणि त्यांतील काहींच्या नमुन्यांत याच रोगाचे विषाणू सापडले. रानकुत्रे कळपात अंगाला अंग लावून राहतात. असा रोग एकाला झाला, की साऱ्या कळपाला धोका! कुत्र्यांसाठी डिस्टेंपरची लस आहे, पण ती टोचून घ्यायलाही कुत्रा हाताशी यायला हवा.

बिनमालकाच्या कुत्र्यांचा प्रश्न यामुळे सुटणार नाही. त्यांना नसबंदी आणि उघड्यावरच्या उकिरड्यांचा बंदोबस्त हेच उपाय. पण ज्या कुत्र्याला आपण रोज भात घालतो, त्याची जबाबदारी झटकता येणार नाही.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. हा विषय विज्ञानाच्या तासाला घ्या. ज्यांच्या घरी कुत्रा आहे अशा मुलांनी घरच्यांना विचारून, आपल्याच कुत्र्यावर हा प्रयोग करावा, रस्त्यावरच्या कुत्र्यावर मुळीच नको. घरात सर्वांनी एकच शब्द ठरवावा. आई 'ये' म्हणते, दादा 'इकडे' म्हणतो आणि आजोबा शीळ घालतात, तर कुत्र्याने काय समजावे? रोज दहा वेळा, आधी अंगणात, मग गल्लीत हाक मारावी. आला की लगेच भाकरीचा नाहीतर सुक्या मासळीचा बोटभर तुकडा द्यावा. न आला तर रागावू नये आणि हाकांचा सपाटाही लावू नये. दहांपैकी किती वेळा आला, ते वहीत लिहावे. तीन आठवड्यांनी आलेख काढावा. पुढे तुकडा दर वेळी न देता मधूनमधून द्यावा आणि आलेख खाली येतो का, ते पाहावे. प्रयोगशाळेत यापेक्षा चांगला प्रयोग सहसा मिळत नाही, आणि खर्च तर काहीच नाही.

वेळही साधता येईल. गावातल्या कुत्र्यांना बहुधा हिवाळ्याच्या सुमारास पिल्ले होतात. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंतचे वय माणसाशी, दोरीशी, नव्या आवाजांशी ओळख होण्यास सर्वांत चांगले. डिसेंबरात जन्मलेले पिल्लू संक्रांतीला अंगणात लुडबुडू लागते आणि मोहफुलांचा हंगाम येतो तेव्हा तीन महिन्यांचे झालेले असते. याच वयात त्याला रेबीजची पहिली लस टोचून घ्यायची असते.