नाशिकहून थेट जायचं की फिरून? सुट्टीतल्या विमान तिकिटाचे पैसे नेमके कुठे वाचतात आणि कुठे बुडतात

परीक्षा संपत आल्या की नाशिकमधल्या बऱ्याच घरांत एक ठरलेला सीन असतो. बाबा मोबाईलवर तिकिटं बघतायत, आई शेजारी बसून "कालपेक्षा वाढलं का?" विचारतेय आणि पुण्याचा मामा व्हॉट्सअॅपवर सांगतोय, "अरे थेट कशाला बघतोस, हैदराबादवरून घे, स्वस्त पडतं."

मामाचं कधी खरं असतं, कधी नसतं. आणि चुकलं तर चौघांचा खर्च दुप्पट होतो.

फिरून जाणारं विमान स्वस्त का असतं, नाशिककरांसाठी हे गणित मुंबई-पुणेकरांपेक्षा वेगळं का आहे आणि डिसेंबर २०२५ मध्ये जे घडलं त्यानंतर काय लक्षात ठेवायला हवं, ते बघू.

आधी एक गोष्ट मान्य करू : नाशिककर तसाही फिरूनच जातो

मुंबईकरासाठी 'थेट विमान' म्हणजे घरातून निघायचं, टॅक्सी करायची, विमानात बसायचं. नाशिककरासाठी मुंबईहून सुटणारं थेट विमान म्हणजे आधी साधारण १७० किलोमीटरचा रस्ता. विमानाऐवजी टॅक्सीतून, पण एक टप्पा तुम्ही आधीच घेतलेला असतो.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला आणि कसारा घाटातला त्रास कमी झाला. पण भिवंडीच्या पुढे मुंबईची वाहतूक जशी होती तशीच आहे. इगतपुरीपासून आमण्यापर्यंत लागतो त्याहून जास्त वेळ पुढे विमानतळ गाठायला लागला, असं सांगणारे नाशिककर तुम्हालाही भेटले असतील. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही उड्डाणं सुरू झाली. तेव्हा 'मुंबई' असं शोधताना विमान कुठल्या विमानतळावरून सुटतंय, हे बघणं आता गरजेचं झालंय. सांताक्रूझला पोचल्यावर तिकिटावर नवी मुंबई दिसली, तर तिथून पुढचं सगळं गणितच संपतं.

दुसरा पर्याय घरापासून वीसेक किलोमीटरवर आहे, ओझर. हे विमानतळ मुळात हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं, म्हणजे एचएएलचं. १९६४ मध्ये इथे मिग विमानांसाठी कारखाना उभा राहिला. १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकमध्ये बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए इथूनच उडालं. प्रवाशांसाठीचं टर्मिनल २०१४ मध्ये झालं, पण पुढची काही वर्षं तिथे विमानं कमी आणि बातम्या जास्त होत्या. 'उडान' योजनेत एअर डेक्कन आली, थांबली. २०१८ मध्ये जेट एअरवेजने दिल्लीचं विमान सुरू केलं आणि एप्रिल २०१९ मध्ये जेटच जमिनीवर आली. "ओझरहून विमान सुरू" या बातमीवर जुने नाशिककर अजूनही लगेच विश्वास ठेवत नाहीत, त्याचं कारण हे आहे.

मार्च २०२३ मध्ये इंडिगो आली आणि चित्र जरा स्थिर झालं. गोवा, अहमदाबाद, नागपूर, मग हैदराबाद, इंदूर, आणि २०२४ मध्ये दिल्ली, बंगळुरू. वेळापत्रक हंगामानुसार बदलतं, त्यामुळे बुकिंगआधी ते तपासाच. पण यातली दिल्ली, हैदराबाद आणि बंगळुरू ही तीन मोठी जंक्शनं आहेत. मनमाडला गाडी बदलली की अर्धा देश मोकळा होतो, तसंच हे.

पण लांबचा रस्ता स्वस्त कसा?

एसटीचं तिकीट किलोमीटरवर ठरतं. विमानाचं तसं नसतं. १९९४ मध्ये सरकारी कंपन्यांची मक्तेदारी कायद्याने संपली आणि तेव्हापासून भाडं कंपन्याच ठरवतात. त्या अंतर विकत नाहीत, दोन शहरांमधली गरज विकतात.

मुंबई-दिल्ली थेट विमानात सकाळी सातला कोण बसतं? ज्याची अकराला मीटिंग आहे तो. तिकीट त्याची कंपनी भरते. दोन तास वाचवायला तो जास्त पैसे देणार, हे विमान कंपनीला माहीत असतं. याउलट सुट्टीला निघालेलं कुटुंब चार तास इकडे-तिकडे झाले तर तक्रार करत नाही, पण हजार रुपये वाढले तर बेत बदलतं. त्यांना ओढायचं तर भाव पाडावा लागतो. मधल्या विमानतळाला जाणारं विमान तसंही उडणार असतं, त्यातल्या रिकाम्या खुर्चीतून कंपनीला काहीच मिळत नाही. ती खुर्ची दोन टप्प्यांच्या तिकिटात घालून स्वस्तात विकली तरी कंपनीचा फायदाच होतो.

आखाती कंपन्यांचा तर सगळा धंदा यावर उभा आहे. लंडनला शिकणाऱ्या मुलाला भेटायला निघालेले नाशिकचे आई-बाबा दुबई किंवा दोह्यावरून जातात, कारण तिथल्या कंपन्या मुंबई-लंडन थेट विमानांशी भावात भिडतात.

आणखी एक गोष्ट कुटुंबांना माहीतच नसते. विमानातल्या खुर्च्या भावांच्या कप्प्यांत विभागलेल्या असतात. सगळ्यात स्वस्त कप्प्यात दोनच जागा उरल्या असतील आणि तुम्ही चार जणांसाठी शोधलंत, तर बहुतेक वेळा चौघांनाही वरच्या कप्प्याचा भाव दिसतो. म्हणून एकदा एका माणसासाठी शोधून बघा, मग चौघांसाठी. फरक दिसला तर दोन-दोनची तिकिटं वेगळी काढता येतात. मात्र मग पीएनआर दोन होतात आणि काही गडबड झाली तर कंपनीच्या लेखी तुम्ही दोन अनोळखी जोड्या असता. लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर मी हे करणार नाही.

आता खरा हिशोब, घराच्या दारापासून

समजा, नाशिकचं चौघांचं कुटुंब कोचीला निघालंय. आकडे फक्त समजावण्यासाठी आहेत.

मुंबईहून थेट विमान, माणशी एका बाजूने ७,००० रुपये. चौघांचं जाऊन-येऊन ५६,०००. नाशिक-मुंबई टॅक्सी दोन्ही वेळा मिळून १०,०००. एकूण ६६,०००.

ओझरहून बंगळुरूमार्गे, माणशी ७,८००. म्हणजे तिकिटंच ६२,४०० रुपयांची. मोबाईलवर हे ६,४०० रुपयांनी महाग दिसतं आणि बहुतेक जण इथेच पान बंद करतात. पण ओझरला जायला-यायला समजा १,६०० लागले, तर एकूण ६४,०००. म्हणजे महाग दिसलेला पर्याय २,००० रुपयांनी स्वस्त निघाला, वर रात्रीचा हायवे वाचला.

तिसरा पर्याय मामाचा. मुंबईहून हैदराबादमार्गे, माणशी ५,८००. तिकिटं ४६,४००, टॅक्सी १०,०००, एकूण ५६,४००. थेटपेक्षा ९,६०० ने स्वस्त. पण असं स्वस्त विमान बऱ्याचदा पहाटे असतं. आदल्या रात्री मुंबईत खोली घेतली तर समजा ३,५०० गेले. मधल्या विमानतळावर चार तास, चौघांचं खाणं-पिणं जाता-येता मिळून ४,०००. उरले २,१००. त्यासाठी दोन दिवस मुलं पेंगुळलेली आणि सुट्टीतले काही तास खुर्च्यांवर.

मामा चुकला असं नाही. मुंबईत नातेवाईक असतील, डबा बरोबर घेतला असेल तर त्याचे पैसे खरंच वाचतात. पण वाचलेली रक्कम चारने आणि दोनने गुणून, मग खर्च वजा करूनच बघायची.

विमान नको तिथपर्यंत, पण जवळपर्यंत

फिरून जाण्याचा दुसरा प्रकार मला जास्त आवडतो : शेवटचा टप्पा जमिनीवरून करायचा.

२०२५ च्या महाकुंभात हे सगळ्या देशाने केलं. १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी या काळात प्रयागराजची तिकिटं इतकी चढली की डीजीसीएला कंपन्यांना भाडं आवरायला सांगावं लागलं. तेव्हा अनेकांनी वाराणसी किंवा लखनऊपर्यंत विमान घेतलं आणि पुढे रस्ता किंवा रेल्वे पकडली.

काश्मीरला जाणाऱ्यांसाठी ६ जून २०२५ पासून कटरा-श्रीनगर वंदे भारत आहे. श्रीनगरचं विमान परवडत नसेल तर जम्मूपर्यंत उडून पुढे कटऱ्याहून रेल्वे, हा बेत आता जमतो. गोव्याला दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. मुक्काम उत्तरेला असेल तर मोपा, दक्षिणेला असेल तर दाबोळी. उलटं घेतलंत तर तिकिटात वाचलेले टॅक्सीत जातील. आणि नाशिककरांनी शिर्डी विसरू नये. २०१७ पासून सुरू असलेलं हे विमानतळ रस्त्याने तसं जवळ आहे. साईभक्तांसाठीची विमानं परतताना आपल्यालाही घेऊन जातात.

मग घोळ कुठे होतो?

डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा आठवा. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाले आणि इंडिगोकडे पुरेसे वैमानिक नव्हते. ५ डिसेंबरला एका दिवसात हजारहून जास्त उड्डाणं रद्द झाली. देशातल्या प्रवाशांपैकी साधारण पासष्ट टक्के एकाच कंपनीकडे असल्यामुळे दुसरीकडे वळायलाही जागा नव्हती. उरलेल्या तिकिटांचे भाव इतके चढले की ६ डिसेंबरला सरकारने कमाल भाडं बांधलं : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपये, कर आणि विमानतळाचे आकार वेगळे.

ज्यांची उड्डाणं प्रामुख्याने याच कंपनीवर अवलंबून आहेत, त्या ओझरसारख्या विमानतळांसाठी हा धडा मोठा होता. पण सगळ्यात वाईट अडकतो तो वेगवेगळी तिकिटं जोडून निघालेला प्रवासी.

समजा एका कंपनीचं हैदराबादपर्यंतचं तिकीट स्वस्त मिळालं आणि पुढचं दुसऱ्या कंपनीचं. पहिलं विमान तीन तास उशिरा आलं. दुसऱ्या कंपनीच्या नोंदीत तुम्ही 'आलाच नाहीत'. तुमचं पहिलं विमान उशिरा आलं, याच्याशी तिचा काही संबंध नाही. चौघांची नवी तिकिटं, त्या दिवशीच्या भावात, तुमच्या खिशातून. परतीचंही त्याच तिकिटावर असेल तर तेही रद्द होऊ शकतं.

हाच प्रवास एका पीएनआरवर असता, तर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी. सामानही थेट शेवटच्या शहराला जातं. वेगळ्या तिकिटांत ते मध्ये पट्ट्यावरून उचलायचं, पुन्हा रांगेत उभं राहायचं आणि देशांतर्गत काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. दोन तासांचं अंतर कागदावर भरपूर वाटतं, प्रत्यक्षात उरतो अर्धा-पाऊण तास.

म्हणून माझा नियम सरळ आहे. मधला थांबा एकाच तिकिटावर असेल तर दोन-तीन तास पुरेत. तिकिटं वेगळी असतील तर मध्ये रात्र काढायची आणि ते शहर बघून घ्यायचं. हैदराबादला चारमिनार आणि बिर्याणी झाली तर मुलांना तो थांबा वाटतच नाही. तेवढी सवड नसेल तर वेगळी तिकिटं घेऊ नयेत.

परदेशात धोका आणखी वाढतो. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो. २३ जून २०२५ ला कतारने अचानक हवाई हद्द बंद केली, तेव्हा दोह्यावरून जाणारी विमानं भलतीकडे वळली. अशा वेळी एका तिकिटावरचा प्रवासी कंपनीच्या काउंटरवर भांडू तरी शकतो.

एक युक्ती इन्स्टाग्रामवर फार फिरते : पुढच्या शहराचं तिकीट स्वस्त असेल तर ते काढायचं आणि मधल्याच शहरात उतरून जायचं. चेक-इन केलेली बॅग पुढे निघून जाते आणि परतीचं तिकीट रद्द होऊ शकतं. कंपन्या याबद्दल किती चिडतात ते बघा : अमेरिकन एअरलाइन्सने ही सोय दाखवणाऱ्या 'स्किपलॅग्ड' संकेतस्थळावर खटला भरला आणि २०२४ मध्ये टेक्सासच्या ज्युरीने ९४ लाख डॉलर भरपाई ठरवली. मुलाबाळांसह चार बॅगा घेऊन हे करायला जाऊ नका.

आणि २०२७

हे सगळं उलटं फिरणार आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला नाशिक-त्र्यंबकेश्वरमध्ये सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुख्य अमृत स्नानं. तेव्हा लखनऊ, पाटणा, कोलकात्याची कुटुंबं मोबाईल घेऊन हाच हिशोब करत बसतील : ओझर महाग आहे, शिर्डी बघू, मुंबईला उतरू, छत्रपती संभाजीनगरहून गाडी करू.

पर्वणीच्या आधी नाशिकला येणारी विमानं भरलेली असतील आणि तीच विमानं परत जाताना बऱ्यापैकी रिकामी असण्याची शक्यता आहे. पर्वणी झाली की बरोबर उलटं. गर्दी टाळून गावाबाहेर जायचा विचार असलेल्या नाशिककरांनी त्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर खुणा करून ठेवाव्यात. जाताना पर्वणीच्या दोन-तीन दिवस आधीचं तिकीट बघायचं, येताना नंतरचं.